जुनी प्रियस मिसिंग करते आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः एकाच गाडीबद्दल आहे: टोयोटा प्रियस या हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटर दोन्ही असलेल्या) गाडीची तिसरी पिढी, म्हणजे अमेरिकेत २०१० ते २०१५ या मॉडेल वर्षांत विकली गेलेली. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण पहिली गाडी म्हणून हीच जुनी घेतात, कारण मायलेज उत्तम आणि किंमत आवाक्यातली. तिचं १.८ लिटरचं २झेडआर-एफएक्सई इंजिन प्रियस व्ही आणि लेक्सस सीटी २००एच या गाड्यांतही आहे, त्यामुळे त्यांनाही हे लागू पडतं. भारतातल्या हायब्रिड गाड्यांबद्दल पुढे एक स्वतंत्र प्रश्न आहे.

मिसिंग म्हणजे नेमकं काय होतं?

चार सिलिंडरपैकी एखाद्यात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटत नाही, किंवा अर्धवट पेटतं. त्या सिलिंडरची पाळी आली की क्रँकशाफ्टचा वेग क्षणभर पडतो. इंजिनचा कॉम्प्युटर क्रँक सेन्सरवरून ही घट मोजतो आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की चेक इंजिनचा दिवा लावतो आणि स्कॅनरने वाचता येणारा एक कोड साठवतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, असं ०३०४ पर्यंत. पी ०३०० आला तर एकापेक्षा जास्त सिलिंडर चुकताहेत.

कोड एवढंच सांगतो की *कुठे* पेटलं नाही. *का* पेटलं नाही, हे तो सांगत नाही. पार्टच्या दुकानात फुकट कोड वाचून घेऊन तिथूनच चार कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारे भाग) विकत घेणाऱ्यांचे पैसे बहुतेक इथेच वाया जातात.

साध्या गाडीत मिसिंग लगेच कळतं. हायब्रिडमध्ये उशिरा का कळतं?

साध्या गाडीत एक सिलिंडर गेला की पिकअप पडतो आणि सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरतं. प्रियसमध्ये सिग्नलला इंजिन बहुधा बंदच असतं. गाडीत विजेच्या दोन मोटर आहेत; चालताना दुसरी मोटर चाकांना जोर देत असते, त्यामुळे इंजिनची कमतरता झाकली जाते. वेगळा स्टार्टरही नाही. पहिली मोटर-जनरेटर इंजिनाला साधारण १००० आरपीएमपर्यंत फिरवते आणि मग पेट्रोल सुटतं. म्हणजे एक सिलिंडर आजारी असला तरी इंजिन "सुरू" होतंच.

गाडी चालते आहे म्हणून ठीक आहे, असं म्हणण्याची सवय हायब्रिडमध्ये महागात जाते.

सकाळी पहिल्यांदा सुरू केली की दणदण आवाज येऊन अख्खी गाडी हलते, मग अर्ध्या मिनिटात सगळं शांत. इंजिन गेलं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून इथे थोडं सविस्तर.

आधी आवाजाबद्दल. इंजिन आणि ट्रान्सअ‍ॅक्सल (या गाडीचा गिअरबॉक्स) यांच्यामध्ये स्प्रिंगांचा एक डॅम्पर असतो. एखादा सिलिंडर पेटला नाही की झटके या डॅम्परवर येतात आणि तो खडखडतो. ऐकणाऱ्याला कनेक्टिंग रॉड तुटल्यासारखं वाटतं. आवाज भयंकर असला तरी तो बहुतेक वेळा लक्षण असतो, मूळ रोग नसतो.

आता कारण. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीच आणि फक्त थोडा वेळ मिसिंग होत असेल, तर संशय दोन गोष्टींवर.

पहिली बाब साधी आहे. थंडीत इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) पाण्याची वाफ गोठते किंवा तेलकट पाणी साचतं, आणि सुरू होताना ते सिलिंडरमध्ये ओढलं जातं. कडाक्याच्या थंडीत वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी असं झालं आणि कूलंट कमी होत नसेल, तर घाबरायचं कारण नाही.

दुसरी बाब गंभीर: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली गळती रोखणारी पट्टी. गाडी बंद केल्यावर इंजिन गरम असतं आणि कूलंटच्या नळ्यांत दाब असतो. सिलिंडरमध्ये मात्र दाब उरलेला नसतो. गॅस्केटला बारीक चीर असेल तर कूलंट थेंबाथेंबाने सिलिंडरमध्ये झिरपतं आणि रात्रभर पिस्टनच्या डोक्यावर साचतं. सकाळी प्लग ओला, म्हणून ठिणगी नीट पडत नाही. अर्ध्या मिनिटात ते पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं आणि इंजिन शहाण्यासारखं चालू लागतं. दुपारी मेस्त्रीकडे नेली की त्याला काहीच सापडत नाही.

म्हणून माझा पहिला सवाल नेहमी कोडबद्दल नसतो. गाडी *केव्हा* हलते, हे आधी सांगा. सकाळीच हलत असेल तर कूलंट बघा. चढावर किंवा हायवेला मिळताना जोर दिल्यावर हलत असेल तर प्लग, कॉइल, इंधन. गरम झाल्यावर इंजिन नुसतं चालू ठेवलं असताना हलत असेल तर ईजीआर (एक्झॉस्टचा वायू परत इंजिनात सोडणारी यंत्रणा, पुढे सविस्तर), थ्रॉटल बॉडी किंवा हवेची गळती. ही ढोबळ विभागणी आहे, पण पैसे कुठे आधी घालायचे नाहीत ते तिच्यावरून नक्की कळतं.

कूलंट कमी होतंय की नाही, कसं ओळखायचं?

गाडी पूर्ण थंड असताना, सपाट जागेवर, इंजिनच्या कूलंटच्या टाकीवर पातळीशी चिकटपट्टी लावा आणि रोज सकाळी बघा. बोनेटखाली दोन टाक्या आहेत: एक इंजिनची, दुसरी इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणारा भाग). दोन्हींत गुलाबी कूलंट असतं आणि लोक हमखास चुकीच्या टाकीवर खूण करतात. इन्व्हर्टरचा कूलंट-मार्ग अगदी वेगळा आहे. त्याचा मिसिंगशी संबंध नाही.

गरम असताना झाकण उघडू नका.

कूलंट कमी होतंय. म्हणजे गॅस्केटच ना?

थांबा. या पिढीच्या प्रियसमध्ये एक्झॉस्टची उष्णता वापरून कूलंट लवकर गरम करणारा भाग सायलेन्सरच्या मार्गात बसवलेला आहे. कूलंट तिथूनही गळू शकतं. विजेवर चालणारा वॉटर पंपही या गाडीचा कच्चा दुवा. तो खराब झाला की बऱ्याचदा पी २६१बी कोड येतो, आणि इंजिन तापून गॅस्केटला इजा होते ती वेगळीच. रेडिएटर, होज पाइप, हीटर हे नेहमीचे संशयित आहेतच.

गॅस्केटच आहे हे ठरवायला चाचण्या या क्रमाने करा:

संध्याकाळी गाडी चालवून आणा. कूलंटच्या झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर लावा, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी दाब किती पडला ते बघा. मग प्लग काढून त्या भोकातून बोरस्कोप, म्हणजे केबलच्या टोकाला असलेला छोटा कॅमेरा, आत सोडा. तीन पिस्टन काजळीने काळे आणि एकच धुतल्यासारखा चकचकीत दिसला, किंवा त्यावर थेंब दिसले, तर पुढे वाद घालण्यात अर्थ नाही. साधा बोरस्कोप फोनला जोडता येतो आणि कॉइलच्या संचापेक्षा स्वस्त मिळतो. या गाडीच्या निदानात मला सर्वांत उपयोगी वाटलेलं हत्यार हेच.

निळ्या द्रवाची चाचणीही करतात. कूलंटवरची हवा त्या द्रवातून ओढायची; ज्वलनाचा वायू असेल तर रंग पिवळा पडतो. पिवळा पडला तर गॅस्केट जवळजवळ नक्की. निळाच राहिला तर मात्र गॅस्केट निर्दोष ठरलं असं नाही, कारण सुरुवातीच्या काळात गळती कूलंटकडून सिलिंडरकडे असते, उलट दिशेने नाही.

मेस्त्री म्हणतो कॉम्प्रेशन टेस्ट करून टाकू. करावी का?

करा, पण दोन गोष्टी त्याला माहीत आहेत का ते आधी विचारा. स्टार्टर नसल्यामुळे इंजिन नुसतं फिरवायला टोयोटाचं टेकस्ट्रीम हे निदानाचं सॉफ्टवेअर किंवा तशी आज्ञा देऊ शकणारा स्कॅनर लागतो. आणि हे अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं इंजिन आहे. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे कॉम्प्रेशन रेशो १३:१ असला तरी मीटरवरचा आकडा साध्या इंजिनापेक्षा कमीच येतो. तो बघून "चारही सिलिंडर गेले" असं कोणी म्हणालं तर दुसरा मेस्त्री शोधा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे बघायचं.

बारीक झिरपा असताना कॉम्प्रेशन अगदी ठीक येऊ शकतं. त्यापेक्षा लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून कूलंटमध्ये बुडबुडे येतात का बघणं, जास्त बोलकी.

प्लग आणि कॉइल मी घरी तपासू शकतो का?

हो, जरा खटपट आहे. या गाडीत प्लग मागच्या बाजूला असल्यामुळे वायपर आणि त्याखालची काउल (पन्हळीचा भाग) काढावी लागते. मूळ इरिडियम प्लग १,२०,००० मैलांनी, म्हणजे सुमारे १,९२,००० किलोमीटरनी बदलायचे असतात, आणि जुन्या गाडीच्या आधीच्या मालकाने ते बदलले असतीलच असं नाही.

कॉइल बदलण्याआधी अदलाबदल करा. पी ०३०१ आला असेल तर पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर, दुसऱ्याची पहिल्यावर. गाडी चालवा. कोड ०३०२ झाला तर कॉइल दोषी. ०३०१ वरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग तसंच प्लगचं करा. पी ०३५१ ते ०३५४ यांतला कोड असेल तर कॉइलच्या वायरिंगकडेही बघा. वायपरखालच्या पन्हळीत पानं साचून पावसाचं पाणी कॉइलवर उतरलं असेल, तर तेही तिथेच दिसेल.

काढलेला प्लग फेकू नका. तीन तपकिरी आणि एक पांढराशुभ्र किंवा ओला असेल तर तुमचं अर्धं निदान तिथेच झालं.

हे करताना विजेचा धक्का बसेल का?

प्रियसची मोठी बॅटरी सुमारे २०१.६ व्होल्टची आहे आणि तिच्या केबल नारिंगी असतात. नारिंगी दिसलं की हात मागे. प्लग-कॉइलच्या कामात त्या केबलना हात लावायची गरज पडत नाही.

खरा धोका वेगळा आहे. गाडी 'रेडी' असेल तर इंजिन बंद दिसलं तरी ते कधीही आपोआप फिरू शकतं. म्हणून पॉवर बंद, चावी घरात, आणि डिकीतल्या १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. नारिंगी केबलचं काम निघालंच, तर सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा जोड तोडणारा) काढून किमान १० मिनिटं थांबणं आणि १००० व्होल्टचे रबरी हातमोजे हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे. व्हिडिओ बघून ते करू नये.

ईजीआरबद्दल सगळे का बोलतात?

कारण या इंजिनची बरीच दुखणी तिथून सुरू होतात. एक्झॉस्टचा काही वायू थंड करून परत इनटेकमध्ये सोडतात. त्यामुळे ज्वलनाचं तापमान कमी राहतं. तो थंड करणारा कूलर हळूहळू काजळीने भरतो. इनटेक मॅनिफोल्डमध्ये प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी बारीक भोकंही बुजतात, आणि ती सारखी बुजत नाहीत. मग एका सिलिंडरला वायू मिळतच नाही, दुसऱ्याला वाजवीपेक्षा जास्त मिळतो, आणि तो दुसरा मिसिंग करायला लागतो. कॉइल बदला, प्लग बदला, काही फरक पडत नाही.

कमी ईजीआरमुळे सिलिंडर जास्त तापतात आणि त्यातून पुढे गॅस्केट जातं, असं या गाड्यांवर रोज काम करणाऱ्या बऱ्याच मेस्त्रींचं मत आहे. मलाही ते पटतं. पी ०४०१ कोड आला तर ईजीआर बहुधा तुंबलेला आहे, पण कूलर बराच भरेपर्यंत तो कोड येत नाही. गाडी लाख मैलांच्या पुढे गेली असेल आणि ईजीआर कधी साफ झाला नसेल, तर कोडची वाट बघू नका. कूलर, व्हॉल्व्ह, पाइप आणि मॅनिफोल्ड हे चारही काढून साफ करायला सांगा. नुसता व्हॉल्व्ह पुसून दिला की काम अर्धवट.

इंजिन चालू ठेवून तपासायचं आहे, पण ते सारखं बंद होतं. काय करू?

मेंटेनन्स मोड वापरा. ६० सेकंदांच्या आत हे सगळं करायचं: ब्रेक न दाबता पॉवर बटण दोनदा दाबा. पी मध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दोनदा दाबा. ब्रेक दाबून एन मध्ये टाका, पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दोनदा. परत पी, पुन्हा दोनदा. पडद्यावर मेंटेनन्स मोड दिसला की ब्रेक दाबून पॉवर बटण दाबा. इंजिन सुरू होऊन साधारण १००० आरपीएमवर चालू राहील.

हँडब्रेक लावलेला असू द्या, गाडी उघड्यावर असू द्या. या मोडमध्ये गाडी रस्त्यावर चालवायची नाही. ट्रान्सअ‍ॅक्सलला इजा होऊ शकते.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. घरापर्यंत नेऊ का?

स्थिर दिवा असेल तर हळू जाऊन दाखवून घ्या. लुकलुकत असेल तर न पेटलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय आणि तो वितळू शकतो. बाजूला घ्या, टोइंगला फोन करा.

आणि "इंजिन बंद पडलं तरी बॅटरीवर रेटतो" असं करू नका. प्रियस बॅटरीवर दोनेक किलोमीटरच जाते. मोठी बॅटरी पार उतरली की इंजिन सुरू करायलाच काही उरत नाही, आणि ती चार्ज करायचं साधन कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नसतं.

पेट्रोल संपल्यामुळेही मिसिंगचा कोड येतो का?

येतो. तळाला गेलेल्या टाकीवर गाडी बॅटरीच्या जोरावर पुढे जात राहते आणि इंजिन चुकत राहतं. पेट्रोल भरून, कोड पुसून, पुन्हा येतो का बघा. हसू नका, होतं असं.

जुनी प्रियस विकत घेतोय. मालकाने कोड पुसून ठेवले असतील तर कसं कळेल?

स्वस्त ओबीडी-२ स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून कोड वाचणारा) खिशात ठेवा. त्यात तीन गोष्टी बघा: कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, पुसल्यापासून इंजिन किती वेळा थंडीवरून गरम झालं, आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण झालेत की नाही. विक्रेता म्हणतो "वर्षभर काही झालं नाही" आणि स्कॅनर म्हणतो "पुसल्यापासून १२ मैल", तर नमस्कार करून निघा.

गाडी आधीच गरम करून ठेवलेली नको, हे फोनवरच सांगा. बोनेटला हात लावून बघा. गरम असेल तर दुसऱ्या सकाळी या. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू झालं पाहिजे. प्रियस लगेच इंजिन सुरू करत नाही, काही सेकंद लागतात, तेव्हा घाईने एसी-रेडिओ लावू नका, कान द्या.

गॅस्केट दुरुस्त करू की गाडी विकू?

हेड उतरवून, तपासून, फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून), नवं गॅस्केट घालणं हे अमेरिकेत हजारो डॉलरचं काम आहे. मी आधी दोन गोष्टी विचारेन. गाडी किती वेळा तापली? आणि दणदण आवाज येत असताना किती महिने चालवली? पिस्टनवर पाणी साचलेलं असताना इंजिन फिरलं तर पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. रॉड वाकलेला असेल तर नवं गॅस्केट घालूनही खडखड राहते आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी येतं. म्हणून हेड उतरल्यावर चारही पिस्टन वर आणून त्यांची उंची मोजायला सांगा. एखादा खाली राहत असेल तर दुसरं इंजिन घालणंच स्वस्त पडेल. तेही घालण्याआधी त्याचा ईजीआर कूलर साफ करून घ्या. भंगारातून आलेल्या इंजिनाचा कूलर तितकाच तुंबलेला असतो.

बाटलीतलं गॅस्केट सीलर ओतू नका. ते चिरेत बसेल याची खात्री नाही, पण हीटर आणि ईजीआर कूलरच्या बारीक नळ्यांत मात्र नक्की बसेल. विकायची असेल तर दोष सांगून विका.

आमची गाडी भारतात आहे: हायरायडर, ग्रँड व्हिटारा, कॅमरी. हे लागू पडतं का?

पद्धत लागू पडते, संशयितांची यादी बदलते. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये २०२२ पासून आलेलं १.५ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. थोडी थरथर तीन सिलिंडरमध्ये जात्याच असते. ती मिसिंग समजू नका. तिथे पी ०३०४ येऊच शकत नाही, आणि कोणी आला म्हणून सांगितलं तर स्कॅनरमध्ये गाडी चुकीची निवडली आहे. २.५ लिटरच्या जुन्या कॅमरी हायब्रिडला चार सिलिंडर आणि ईजीआर दोन्ही आहेत, वर लिहिलेलं बरंचसं तिला चालतं.

सियाझ, अर्टिगावर लिहिलेलं एसएचव्हीएस ही वेगळी गोष्ट. तिथे बेल्टवर चालणारा स्टार्टर-जनरेटर असतो, गाडी नुसत्या विजेवर चालत नाही, आणि मिसिंगचं निदान साध्या गाडीसारखंच.

आपल्याकडे मी सर्वांत आधी बोनेट उघडून वायरिंग बघायला सांगेन. उंदीर. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत आठ दिवस उभी राहिलेली गाडी आणि एका सिलिंडरचा कोड, म्हणजे इंजेक्टरची किंवा कॉइलची तार कुरतडलेली असण्याची शक्यता भरपूर. टॉर्च घेऊन लेंड्या दिसतात का बघा. दुसरं, नुकतंच पेट्रोल भरल्यावर मिसिंग सुरू झालं असेल तर पेट्रोलमध्ये पाणी असू शकतं, पावसाळ्यात विशेष. आणि वॉरंटीत असाल तर स्वतः काहीही उघडू नका. बॅटरीची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी ही हायब्रिड बॅटरीची आहे, इंजिनची नव्हे. इंजिनच्या वॉरंटीची मुदत वेगळी बघून ठेवा.

मिसिंग गेलं, पण आता पी ०४२० आला आहे.

हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा; मिसिंगच्या काळात त्याने मार खाल्ला असण्याची शक्यता आहे. आधी एक्झॉस्टची गळती आणि ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या, लगेच कन्व्हर्टर बदलू नका. गाडी जुनी घेतलेली असेल तर खाली वाकून कन्व्हर्टरच्या वेल्डिंगकडेही बघा: प्रियसचे कन्व्हर्टर त्यातल्या मौल्यवान धातूंसाठी अमेरिकेत सर्रास चोरीला जातात, आणि आधीच्या मालकाने त्या जागी स्वस्तातला बसवला असेल तर हा कोड मिसिंग नसतानाही आला असता.